विकतचा वारा आणि विकतची हवा

महागडे पंखे आणि हवा शुद्ध करणारी यंत्रे यांविषयी दोन ठराविक मते ऐकू येतात. सुखवस्तू वर्ग त्यांना गरज मानतो. कार्यकर्ता त्यांना चैन म्हणून झिडकारतो. हिशेब मात्र दोघेही करीत नाहीत.

प्रथम पंख्याचा हिशेब. छताचा साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे 75 वॅट वीज घेतो. बाजारात ‘बीएलडीसी’ म्हणून ओळखला जाणारा पंखा जवळजवळ तेवढाच वारा सुमारे 30 वॅटमध्ये देतो. रोज 12 तास, वर्षातून 300 दिवस वापर धरला, तर 162 युनिट वाचतात. युनिटला 8 रुपये दर धरल्यास ही बचत 1,300 रुपयांच्या घरात जाते. किमतीतला फरक दीड हजारांचा असेल, तर तो चौदा महिन्यांत भरून निघतो. तेव्हा हा पंखा चैनीचा नव्हे, काटकसरीचा आहे. बिनपात्यांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पंख्याची गोष्ट वेगळी. त्याची पाती बुडाशी दडवलेली असतात आणि जादा किंमत मुख्यतः रूपाची असते.

परंतु ही काटकसर कोणाला परवडते? ज्याच्या हाती एकरकमी तीन हजार रुपये आहेत, त्याला. चाळीतला कामगार दीड हजारांचा पंखा घेतो आणि उरलेले पैसे वीजबिलातून वर्षानुवर्षे भरीत राहतो. गरिबी महाग पडते ती अशी. यावर उपाय नाही असे नाही. एलईडी बल्बची सरकारी खरेदी किंमत 2014 साली 310 रुपये होती. ती 2016 पर्यंत 40 रुपयांच्या खाली आली. एकत्रित खरेदीचा त्यात मोठा वाटा होता. पंख्यांच्या बाबतीतही तोच मार्ग नेटाने चालवण्याची मागणी केली पाहिजे.

हवाशुद्धकाचा प्रश्न निराळा आहे. ‘हेपा’ गाळणी सूक्ष्म धूलिकण खरोखरच अडवते; तो दावा खोटा नाही. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत ते यंत्र हवेच. पण ते दारे-खिडक्या बंद असतील तरच नीट काम करते आणि गाळणी सहा महिन्यांनी वा वर्षाने बदलावी लागते. एका खोलीत स्वयंपाक, झोप आणि दिवसभर उघडे दार असलेल्या घरात त्याचा उपयोग थोडाच. रस्ता झाडणारी बाई, वाहतूक पोलीस, बांधकामावरील मजूर यांना तर तेवढाही नाही.

पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला 40 मायक्रोग्रॅमपर्यंत भारतीय मानकाला चालते; जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली 5 ही मर्यादा सुचवली. दिल्लीची सरासरी अलीकडच्या वर्षांत 100 च्या आसपास राहिली आहे. बाहेरची हवा अशी असताना ज्यांचा आवाज सत्तेपर्यंत पोहोचतो, त्यांनी आपापल्या खोलीपुरती हवा विकत घेतली की धुराड्यांवर आणि बांधकामाच्या धुळीवर निर्बंध घालण्याचा आग्रह ओसरतो. नळाच्या पाण्याचे हेच झाले: बाटली आली आणि नळाची तक्रार एकट्या गरिबाची उरली.

म्हणून पंखा स्वस्त करून घराघरांत पोहोचवावा. गाळणीची यंत्रे रुग्णालये आणि अंगणवाड्यांत सरकारी खर्चाने बसवावीत. हवा मात्र बाहेरच, सर्वांसाठी, स्वच्छ झाली पाहिजे. त्या मागणीला यंत्राचा पर्याय नाही.