निष्ठा कुणाची आणि कुणाशी?

म्हैसूर शहराच्या नजरबाद भागातील चामुंडी विहार क्रीडांगणावर दसऱ्याच्या सुमारास कर्नाटकाच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून तरुण खेळाडू जमतात. राजवाड्याची रोषणाई आणि जंबू सवारी पाहण्यासाठी लोटणाऱ्या गर्दीच्या मानाने या स्पर्धांना येणारा प्रेक्षक थोडाच असतो. परंतु शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या आणि कनिष्ठ नोकरदारांच्या घरांतून आलेल्या या मुलामुलींच्या दृष्टीने तेथील प्रत्येक सामन्याला भवितव्याचा अर्थ असतो. त्यांच्यापैकी जे चमकतील त्यांच्यापुढे दोनच वाटा आहेत. एक रेल्वे, सैन्यदले, पोलीस किंवा सार्वजनिक उद्योगांतील नोकरीची, आणि दुसरी अलीकडच्या व्यावसायिक लीगच्या लिलावाची. कोणत्याही वाटेने गेले तरी त्यांना पहिला उपदेश एकच केला जाईल: निष्ठा ठेवा, खाल्ल्या मिठाला जागा.

हे मीठ कुणाचे, आणि मीठ देणाऱ्यावरही काही बंधन आहे की नाही, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारीत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक रूप अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये पाहावयास मिळते. ८ जुलै २०१० रोजी लेब्रॉन जेम्स या खेळाडूने आपण क्लीव्हलँडचा संघ सोडून मायामीच्या संघात जात असल्याचे जाहीर केले. सात हंगाम तो क्लीव्हलँडकडून खेळला होता, त्याच्या कराराची मुदत संपली होती आणि कोणत्याही अटीचा त्याने भंग केला नव्हता. हा निर्णय दूरचित्रवाणीवर तासभराचा कार्यक्रम घडवून सांगण्यात अभिरुची नव्हती, हे खरे. परंतु संघमालकाचा रोष अभिरुचीविषयी नव्हता. त्याच रात्री त्याने खुले पत्र प्रसिद्ध करून या खेळाडूवर विश्वासघाताचा आरोप केला, आणि शहरात त्याच्या नावाच्या जर्सी जाळण्यात आल्या. मालकाची भाषा पळून गेलेल्या गुलामाविषयी बोलणाऱ्याची आहे, अशी टीका तेव्हा कृष्णवर्णीयांचे नेते जेसी जॅक्सन यांनी केली होती.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहावी. एप्रिल २०१७ मध्ये बॉस्टन संघाच्या आयझेया थॉमसची बहीण मोटार अपघातात मरण पावली. दुसऱ्याच दिवशी तो डोळे पुसत संघासाठी मैदानात उतरला. कमरेच्या सांध्याला दुखापत असतानाही तो खेळत राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच संघाने त्याची अदलाबदल करून त्याला क्लीव्हलँडला धाडले. दुखापतीने जायबंदी झालेल्या या खेळाडूला पुढे मोठा करार कधीच मिळाला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिच या आपल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूला लॉस एंजेलिसच्या संघाकडे पाठविले. आठ महिन्यांपूर्वीच त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेले होते, आणि या व्यवहाराची त्याला आधी कल्पनाही देण्यात आली नव्हती. संघमालकाने खेळाडूला घालविले की तो ‘व्यवहार’ ठरतो आणि खेळाडू स्वतः गेला की ती ‘गद्दारी’ ठरते. एकाच कृतीला दोन नावे देणारी ही नीती कुणाच्या हिताची आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

तथापि जर्सी जाळणाऱ्या सामान्य माणसांची हेटाळणी करून चालणार नाही. क्लीव्हलँड हे कारखान्यांचे शहर. तेथील पोलादाचे आणि यंत्रांचे उद्योग आक्रसत गेले, भांडवल अधिक नफ्याच्या शोधात अन्यत्र निघून गेले आणि कामगार वस्त्या ओस पडल्या. जानेवारी १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाने जे भोगले, त्याचेच हे दुसरे रूप होय. ज्या शहराला सर्वांनी सोडले, त्याला आपल्याच भागातला एक मुलगा सोडून गेल्याचे दुःख व्हावे, हे स्वाभाविक आहे. मात्र हे दुःख भांडवल निघून गेले तेव्हा कुणाच्या पुतळ्यावर काढावे हे त्या शहराला उमगले नव्हते, आणि खेळाडू गेला तेव्हा मालकाने ते स्वतःच्या सोयीने वापरून घेतले. लोकांच्या निष्ठेचे भांडवल करणे म्हणतात ते हेच.

लेब्रॉन जेम्स हा कोट्यधीश आहे. त्याच्यासाठी कुणी अश्रू ढाळावेत असे नाही. परंतु करार संपल्यावर आपल्या पसंतीच्या संघात जाण्याचा जो हक्क त्याने बजावला, ज्याला तेथे ‘फ्री एजन्सी’ म्हणतात, तो त्याला कोणा मालकाने दान केलेला नव्हता. एके काळी अमेरिकन खेळाडूंच्या करारात असे कलम असे की, मुदत संपल्यावरही खेळाडूवरील हक्क संघाकडेच राही. खेळाडूने खेळणे सोडावे किंवा त्याच मालकाकडे राबावे, एवढेच त्याच्या हाती होते. १४ जानेवारी १९६४ रोजी बॉस्टन येथे देशातील निवडक बास्केटबॉलपटूंचा सामना प्रथमच दूरचित्रवाणीवर सायंकाळच्या मोक्याच्या वेळी दाखविला जाणार होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत कपडे बदलण्याच्या खोलीतून बाहेर पडणार नाही, असे खेळाडूंनी ठरविले. मालकांनी धमक्या दिल्या, परंतु खेळाडू एकजुटीने बसून राहिले आणि अखेर आश्वासन मिळाल्यावरच सामना सुरू झाला.

त्या खोलीत बसलेल्यांपैकी ऑस्कर रॉबर्टसन पुढे खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष झाला. १९७० साली त्याच्या नावे खेळाडूंनी न्यायालयात दावा गुदरला, तो १९७६ साली तडजोडीने मिटला आणि ते जाचक कलम गेले. तरीही पूर्ण मोकळीक मिळण्यास १९८८ साल उजाडले. बेसबॉलमध्ये कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ साली आपली परस्पर झालेली बदली नाकारली. आपण विकत घेता-देता येणारी मालमत्ता नाही, ही त्याची भूमिका होती. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध तीन मतांनी हरला आणि त्याची कारकीर्दही संपली. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न पुन्हा पुरता गाडता आला नाही, आणि १९७५ साली लवादाच्या निर्णयाने बेसबॉलपटूंना तो हक्क मिळाला. इंग्लंडमध्ये जॉर्ज ईस्टहॅम या फुटबॉलपटूच्या दाव्यात १९६३ साली न्यायालयाने खेळाडू अडकवून ठेवण्याची जुनी पद्धत अन्याय्य ठरविली. १९९५ सालच्या बोस्मन खटल्यातील निकालाने युरोपीय संघराज्यांतील फुटबॉलपटूंना करार संपल्यावर मोबदल्याच्या अडसराविना अन्य संघात जाता येऊ लागले. या सर्व लढ्यांतून एकच धडा मिळतो. ज्याला सोडून जाता येत नाही त्याच्या राहण्याला निष्ठा म्हणता येत नाही.

या कसोटीवर आपल्या देशातील चित्र काय दिसते? इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव फेब्रुवारी २००८ मध्ये झाला. हातोडा पडला की सर्वाधिक बोली लावणाऱ्याकडे खेळाडूने जावयाचे. कुठे खेळावे हे तेथे खेळाडू ठरवीत नाही. कोटींचे आकडे झळकतात म्हणून या पद्धतीला स्वातंत्र्य म्हणण्याची चूक अनेक जण करतात. रवींद्र जडेजाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. राजस्थान रॉयल्सबरोबरच्या कराराचे नूतनीकरण न करता त्याने दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून २०१० च्या हंगामासाठी त्याच्यावर बंदी घालण्यात आली. तोच जडेजा चेन्नईकडून अनेक वर्षे खेळल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये संघांमधील अदलाबदलीने पुन्हा राजस्थानकडे गेला. खेळाडूने स्वतः बोलणी केली तेव्हा तो अपराध ठरला होता. दोन संघांनी सौदा केला तेव्हा तो नियमात बसला, मग खेळाडूची त्याला संमती असो.

म्हैसूरही या व्यवस्थेपासून दूर राहिलेले नाही. म्हैसूर वॉरियर्स या संघाने २०२४ साली महाराजा करंडक जिंकला तेव्हा शहराला आनंद झाला, आणि तो गैरही नव्हता. पण संघाला नाव शहराचे असले तरी मालकी खासगी उद्योगसमूहाची आहे, आणि खेळाडू लिलावातून येतात व जातात. ज्या शहराच्या नावावर तिकिटे आणि जाहिराती खपतात त्या शहरातील क्रीडांगणांना, शाळांना आणि प्रशिक्षकांना त्या उत्पन्नातून काय द्यावे लागते, हे विचारण्याचा अधिकार नागरिकांना आहे.

बास्केटबॉलची स्थिती याहून बिकट आहे. या खेळाला आपल्याकडे कोटींचे लिलाव लाभलेले नाहीत. त्याला आजवर जगविले ते सार्वजनिक क्षेत्रातील नोकऱ्यांनी आणि गरीब वस्त्यांमधल्या जिद्दीने. मुंबईच्या नागपाड्यासारख्या दाटीवाटीच्या वस्तीने देशाला कितीतरी बास्केटबॉलपटू दिले. भारताचे नेतृत्व केलेले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविलेले अब्बास मुन्तसिर तेथलेच. अशा मुलांना रेल्वेने, तेल कंपन्यांनी आणि बँकांनी नोकरी दिली, खेळण्यास रजा दिली आणि निवृत्तीनंतरही पगार सुरू ठेवला. या नोकरीतही बंधने होती. संघ बदलण्यास किंवा परदेशी खेळण्यास साहेबाच्या ना हरकत प्रमाणपत्राची वाट पाहावी लागे. तरीही गुडघा मोडला म्हणून चूल विझत नव्हती, हा फरक लहान नव्हे.

नेमका हाच आधार आता ढासळत चालला आहे. स्टेट बँक ऑफ म्हैसूर १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. जिच्या बास्केटबॉल संघाने कर्नाटकात नाव कमावले होते ती विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात गेली. दोन बँकांची एक बँक झाली की दोन संघांइतक्या जागा राहत नाहीत, हा साधा हिशेब आहे. नोकरभरती आखडते आणि कंत्राटी पद्धत वाढते, तेव्हा खेळाडूंच्या जागा सर्वांत आधी कापल्या जातात. दुसरीकडे खासगी लीगचा भरवसा किती? २०१५ साली मोठ्या गाजावाजाने सुरू झालेली यूबीए बास्केटबॉल लीग, तिच्यातील पुणे, मुंबई आणि बंगळुरूच्या संघांसह, २०१७ नंतर बंद पडली. तिच्यावर विसंबलेल्या खेळाडूला तेव्हा कोणत्याही संघात जाण्याची मोकळीक होती, कारण त्याला संघच उरला नव्हता. नोकरी नसलेल्याचे स्वातंत्र्य म्हणजे बेकारी, हे कामगारांना नव्याने शिकविण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्याचा प्रामाणिकपणे विचार झाला पाहिजे. खेळाडूंना मुक्तपणे जाऊ दिले तर श्रीमंत संघ सर्वांना खेचून घेतील, लहान गावांचे संघ रिते होतील आणि ज्या प्रशिक्षकाने दहा वर्षे घाम गाळला त्याच्या हाती काहीच उरणार नाही, असे म्हटले जाते. ही भीती निराधार नाही. परंतु तिचा उपाय खेळाडूला जखडून ठेवणे हा नव्हे. आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये करार चालू असताना खेळाडूची बदली झाली की मोबदल्याच्या पाच टक्के रक्कम त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांदरम्यान घडविणाऱ्या संस्थांमध्ये वाटली जाते. मोठ्या संघांकडून वसूल होऊन ती मुळांपर्यंत पोहोचते आणि खेळाडूचा जाण्याचा हक्कही शाबूत राहतो. आपल्या लीगच्या मालकांवर असे बंधन घातले तर त्यांचे दिवाळे निघणार नाही.

दुसरी गोष्ट संघटनेची. अमेरिकेत आणि युरोपात खेळाडूंना जे मिळाले ते संघटनेच्या आणि सामुदायिक कराराच्या बळावर मिळाले. जुलै २०२५ मध्ये तेथील महिला बास्केटबॉलपटूंनी ‘आमचे देणे द्या’ अशा अर्थाची घोषणा छापलेल्या बनियन घालून मैदानात सराव केला, तेव्हा नामांकित खेळाडू एकाच रांगेत उभ्या होत्या. आपल्याकडे २०१९ साली क्रिकेटपटूंची जी संघटना मान्यता पावली ती निवृत्तांची आहे. आज मैदानावर असलेल्या क्रिकेटपटूंनाही सामुदायिक वाटाघाटींसाठी आपली संघटना नाही. मग बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, कबड्डी खेळणाऱ्यांची कथा काय?

यासाठी काही मागण्या तातडीने पुढे आल्या पाहिजेत. प्रत्येक व्यावसायिक लीगमध्ये खेळाडूला त्याच्या भाषेत लिहिलेला नमुना करार मिळावा. करार संपताच संघ निवडण्याचा हक्क त्याला असावा. त्याच्या संमतीवाचून अदलाबदल होऊ नये. दुखापतीचा विमा आणि उपचार ही मालकाची जबाबदारी ठरावी. लीग बंद पडल्यास थकलेले वेतन देण्याची हमी आधीच जमा करून घ्यावी. सार्वजनिक उद्योगांतील खेळाडूंच्या जागा कायमस्वरूपी भराव्यात आणि विलीनीकरणाच्या नावाखाली त्या गिळंकृत होऊ नयेत. खेळाडूंना संघटना स्थापन करण्याचा आणि तिच्यामार्फत बोलण्याचा हक्क मान्य व्हावा.

नजरबादच्या क्रीडांगणावर घाम गाळणाऱ्या मुलीने उद्या मोठे व्हावे, आपल्या गावाचे, आपल्या प्रशिक्षकाचे, बरोबरच्या खेळाडूंचे ऋण मानावे, ही अपेक्षा योग्यच आहे. अशी निष्ठा समानांमधील असते आणि ती मागावी लागत नाही. तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्याने मात्र कराराच्या कागदावर स्वतःची कर्तव्ये लिहून द्यावीत आणि मगच तिच्याकडून निष्ठेची अपेक्षा करावी. तो कागद मिळविण्यासाठी खेळाडूंना एकत्र यावे लागेल, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे संघटित कामगार चळवळीचे कर्तव्य आहे.