पावसाआधी माळ्यावरचे दप्तर खाली काढा

मे महिन्यात गावाकडची घरे उघडतात. कुळधर्म होतो, भाऊबंद जमतात, आणि बहुधा याच दिवसांत जुने घर पाडायचे की विकायचे हेही ठरते. ते ठरण्याआधी एक काम करा, अशी हात जोडून विनंती आहे. माळ्यावर, देवघराच्या फडताळात किंवा आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत मळकट फडक्यात बांधलेले कागदांचे गाठोडे असेल, तर पहिला पाऊस पडण्याआधी ते खाली काढा. त्यातली अक्षरे तुम्हाला लागणार नाहीत, कारण ती मोडी लिपीतली आहेत. पण तेवढ्यासाठी गाठोडे रद्दीत घालू नका, नदीत सोडू नका आणि बंबातही घालू नका.

ही घाई उगाच नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळांतून गेली. शाळेच्या बाकावर मोडी गिरवलेली माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत, आणि घरातला कागद घरातच वाचला जाण्याचे दिवस त्यांच्याबरोबर संपत आले आहेत. १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने गेली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. वतनच राहिले नाही तर त्याचे कागद कशाला, असे घरोघरी म्हटले गेले आणि दप्तरे माळ्यावर चढली. त्यानंतर पाण्याने आपला वाटा उचलला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात घराघरांत पाणी शिरले. भिजलेले दप्तर तसेच पडून राहिले की त्याचा लगदा होतो. त्या लगद्यातून कोणाचीही वंशावळ निघत नाही.

इतके दिवस मोडी वाचण्याचे काम हौशीचे समजले जात होते. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी साऱ्या महाराष्ट्राला कळली. तहसील कचेरीतली गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यूची नोंदवही, जुन्या शाळांची दाखल-खारीज पुस्तके, खासरापत्रके यांतले कितीतरी लेखन मोडीत आहे. जात पडताळणीसाठी पुरावा लागतो तो ठरलेल्या तारखेच्या आधीचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. मुलाचा प्रवेश तोंडावर आला की जूनमध्ये पालक धावत येतात आणि मोडीतला कागद पुढे करून उद्यापर्यंत वाचून द्या म्हणतात. असा कागद उद्यापर्यंत नीट वाचून होत नाही. वाचायचा तर तो आत्ता वाचायला घ्या.

वेळ का लागतो, हे एकदा बघून घ्या. मोडी लिहिणारा कारकून आधी पानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढतो आणि मग हात न उचलता अक्षरे तिला टांगत जातो. शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ओळ संपली की शब्द अर्धा तोडून उरलेला खालच्या ओळीत. समजा ओळीत ‘रामजीचाकर’ असे आले. हा रामजीचा कर, की रामजी नावाचा चाकर? पहिले वाचन धरले तर रामजी कर भरणारा रयत ठरतो, दुसरे धरले तर दुसऱ्याच्या घरी राबणारा माणूस. नुसत्या अक्षरांकडे बघून याचा निकाल लागत नाही. त्यासाठी मागचा-पुढचा मजकूर, त्या कारकुनाची सवय आणि त्या काळातल्या लिखाणाचा रिवाज माहीत असावा लागतो.

आकड्यांचेही तसेच. ‘४॥’ म्हणजे साडेचार आणि ‘४।’ म्हणजे सव्वाचार. हे न कळणारा माणूस साडेचार बिघ्यांचे चारशे अकरा बिघे करतो आणि मग भाऊबंदांत कोर्टापर्यंत जाईल असा वाद उभा राहतो. कालगणनेत तर फार जण फसतात. पेशवाईतल्या कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असे दिसले तर ती अरबी अंकांची नावे आहेत: एक, साठ, शंभर आणि हजार. हा शुहूर सन ११६१ झाला. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी सनात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई याच सनात बसते, १४ जानेवारी १७६१. फसली सनाला मिळवायचा आकडा वेगळा, शकाला वेगळा. तारखेआधी नुसता ‘छ’ दिसला की पुढे मुसलमानी महिना येणार हे ओळखायचे. एका माणसाचे साल पिढीभराने चुकले तर बाप मुलाच्या जागी जाऊन बसतो आणि वंशावळ तिथेच मोडते.

पण ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते याहून मोठे आहे. तुमच्या दप्तरात फक्त तुमचे पूर्वज नाहीत.

साधे खरेदीखत घ्या. वर राणीच्या चित्राचा मुद्रांक, खाली दाट मोडी. त्यात विकणारा आणि घेणारा येतातच. पण मजकुरात चतुःसीमा असते. पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस तमक्याचा मळा, पश्चिमेस ओढा, उत्तरेस गावकुसाची वाट. ही शेजाऱ्यांची नावे आहेत आणि त्या शेजाऱ्यांच्या पणतवंडांकडे कदाचित एकही कागद नाही. त्याहून जुना महजर असेल तर त्यात सारे गाव हजर असते. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार साक्षीला बसत आणि लिहिता न येणाऱ्याच्या नावाजवळ त्याच्या धंद्याची निशाणी काढली जाई. पाटलाचा नांगर, वाण्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. गावच्या न्हाव्याच्या घरी दप्तर असण्याचे कारणच नव्हते. त्याच्या खापरपणजोबाचे नाव आज जगात एकाच ठिकाणी असेल, ते तुमच्या माळ्यावर, तुमच्या महजराच्या तळाशी, त्या आरशाच्या चित्राजवळ. तुम्ही तो कागद जाळलात तर त्या घराला विचारायला दुसरी जागा उरत नाही.

बायकांचेही असेच. वंशावळींत त्या सापडत नाहीत, तिथे पुरुषाखाली पुरुष चालतो. पण दत्तकपत्रात, विधवेच्या पोटगीच्या कागदात, ‘कोम’ हा शब्द मध्ये घालून नवऱ्याच्या नावाशी जोडलेले तिचे नाव येते आणि तिने काय मागितले तेही येते. अशा कागदांत पुष्कळदा घराण्याच्या मोठेपणाला न शोभणारेही निघते. दिराने वहिनीची जमीन दाबलेली असते, घरात विकत घेतलेली कुणबीण म्हणजे दासी असते. तो कागद बाजूला काढून नष्ट करण्याचा मोह काही घरांत होतो. कृपा करून तसे करू नका. त्या बाईची बाजू सांगणारा तेवढाच कागद मागे राहिलेला असतो.

आणखी एक सांगतो, कारण वंशावळ लिहिणारे इथे हमखास घसरतात. प्रत्येक कागदाचे वजन सारखे नसते. करीना म्हणजे वादीने किंवा प्रतिवादीने सांगितलेली आपली हकीकत, तिच्यातला पुस्तनामा, म्हणजे पिढ्यांची यादी, सांगणाऱ्याच्या सोयीचा असू शकतो. निवाडपत्र म्हणजे निकाल. हरणाऱ्याने लिहून दिलेले येजितखत तर फार मोलाचे, कारण त्यात तो स्वतःच्या विरुद्ध कबुली देतो. वाचून देणाऱ्याला आधी हे विचारा की कागद कोणत्या प्रकारचा आहे.

तर आता करायचे काय? गाठोडे सोडताना कागद ज्या क्रमाने निघतील तो क्रम मोडू नका. एकत्र घडी घातलेले कागद बहुधा एकाच प्रकरणाचे असतात. घडी कडक झाली असेल तर ओढू नका, जाणकाराकडे न्या. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. प्लॅस्टिक तापवून चिकटवलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलने दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. पाठीमागे शिक्के, पोचल्याची तारीख, नोंद झाल्याचा ‘बार’ असा शेरा असतो आणि लोक नेमकी तीच बाजू सोडतात. कागद कोणत्या घरचा, कोणत्या गावचा हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, मूळ कागदावर पेन टेकवू नका. मग स्वच्छ सुती फडक्यात बांधून जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवा.

वाचून घेताना आधी ओळीला ओळ असे बाळबोधातले लिप्यंतर मागा, अर्थ नंतर. जे अक्षर लागले नाही तिथे वाचणाऱ्याने तसे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. एवढ्या कागदात एकही शंका नाही असे लिप्यंतर हाती आले तर ते दुसऱ्याला दाखवा. अडलेल्या माणसाला हवे तेच वाचून देऊन पैसे घेणारेही या कामात शिरले आहेत. मोडी जाणणाऱ्या माझ्या मित्रांनाही सांगणे आहे की गिऱ्हाईक कितीही अडलेले असो, न लागलेली जात आणि न लागलेले आडनाव अंदाजाने भरू नका.

शेवटी तरुणांना आणि निवृत्तांना. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कोट्यवधी कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत आणि त्यांतले फार थोडे छापून आले आहेत. इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तो घरात पडून राहिलेल्या अशाच कागदांतून. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हे काम करते आहे. शासनाचे पुराभिलेख संचालनालय आणि हे मंडळ मोडीचे वर्ग घेतात. मुळाक्षरे काही आठवड्यांत येतात, चालते अक्षर वाचायला मात्र सराव लागतो. गावातल्या एकाने जरी शिकून घेतले तरी गावाचे कागद गावात वाचले जातील.

जूनचा पहिला आठवडा दूर नाही. घर विकणार असाल तर चावी देण्याआधी माळा स्वतः बघा. नातेवाईक ‘त्यात काही नाही’ म्हणाले तरी बघा. फोटो काढून झाले की ज्यांची नावे चतुःसीमेत आणि महजरात आहेत त्या घरांनाही एकेक प्रत द्या.