यंत्र निकामी नव्हे, दुभाषा हवा

संगणक बदलला की त्याला जोडलेला जुना प्रिंटर निकामी ठरतो, हा अनुभव कचेऱ्यांना व शाळांना नवा नाही. नव्या प्रणालीच्या यादीत त्याचे नाव नसते. आणि केवळ तेवढ्या कारणास्तव उत्तम छपाई करणारे यंत्र भंगारात जाते. हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो, असे आमचे मत आहे.

प्रिंटरला मराठी, तमिळ वा इंग्रजी कळत नाही. त्याला कळते ती छपाईच्या आज्ञांची एखादी भाषा. ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट, ह्यूलेट-पॅकार्डची पीसीएल आणि टिंबांनी अक्षरे उठविणाऱ्या यंत्रांत रूढ झालेली एप्सनची ईएससी/पी या त्यांतील प्रमुख होत. संगणकावरील पान या भाषेत उतरविणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर हा दुभाषाच होय. निर्मात्याने दुभाषा पुरविणे थांबविले, तरी यंत्र आपली भाषा विसरत नाही. ती जाणणारा दुसरा दुभाषा शोधता येतो.

लिनक्स प्रणालीवर १९९९ साली प्रथम प्रसिद्ध झालेली 'कप्स' ही आज्ञावली या कामी उपयोगी पडते. प्रथम यंत्राची ओळख विचारावी. पुष्कळ प्रिंटर आपल्याला कळणाऱ्या भाषांची नावे स्वतःच कळवितात. तीत पीसीएल आढळल्यास त्या भाषेचा सर्वसाधारण ड्रायव्हर निवडावा व चाचणीचे एकच पान काढावे. निरर्थक चिन्हे उमटू लागली, तर भाषा चुकली असे समजून छपाई थांबवावी. मजकूर शुद्ध उमटला, पण कडा कापल्या गेल्या, तर कागदाचे माप पाहावे. अमेरिकी 'लेटर' कागद २१६ × २७९ मिलिमीटर, तर आपला ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटर असतो.

जुन्या यंत्रात देवनागरी अक्षरे नसतात, मग मराठी कशी छापणार, ही शंका रास्त आहे. परंतु संगणक जोडाक्षरांसह पानाचे चित्रच तयार करून पाठवू शकतो. यंत्राने केवळ ठिपके उमटवावयाचे असतात. वेग कमी होतो, एवढेच.

या उपायाला मर्यादा आहे. काही स्वस्त यंत्रे पानाचा अर्थ लावण्याचे सारे काम संगणकावर सोपवितात आणि त्यांची भाषा निर्माते प्रसिद्ध करीत नाहीत. तेथे सर्वसाधारण ड्रायव्हर चालत नाही. अशा काही यंत्रांसाठी स्वयंसेवकांनी परिश्रमपूर्वक ड्रायव्हर लिहिले आहेत, सर्वांसाठी नाहीत.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवे यंत्र घ्यावे, असे कोणी म्हणेल. पण नव्या यंत्राचीही भाषा गुप्त असेल, तर काही वर्षांनी त्याची गत तीच होणार. म्हणून खरा उपाय खरेदीच्या वेळीच करावयाचा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयपीपी एव्हरीव्हेअर' या मानकानुसार प्रिंटर आपली क्षमता स्वतःच संगणकाला सांगतो. निर्मात्याच्या खास ड्रायव्हरची गरज उरत नाही. सार्वजनिक पैशाने खरेदी करणाऱ्या प्रत्येक संस्थेने किंमत व वेग यांबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: या यंत्राची भाषा सर्वांना खुली आहे काय? उत्तर नकारार्थी आल्यास ते यंत्र कितीही स्वस्त असले, तरी घेऊ नये.