भिंतींस रंग कधीं द्यावा?

श्रावण लागला कीं पेण-रोह्याकडील घरांत रंगकामाची घाई सुरू होते. पेण येथें गणपतीच्या मूर्तींवर रंगाचे हात फिरत असतां आपल्या भिंती मळकट कां राहाव्यात, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आमच्या मतें हा काळ अगदीं अयोग्य होय. कोंकणच्या पावसानें भिंत आंतून ओली असते. तिजवर तैलरंग किंवा प्लास्टिकचा रंग चढविला म्हणजे ओल कोंडते, फोड येतात, पापुद्रे सुटतात.

चुन्यांत बांधलेल्या जुन्या घरांस चुन्याची सफेदीच उत्तम. कळीचा चुना पाण्यांत भिजवून, निदान दोन दिवस मुरवून फडक्यानें गाळावा. किंचित् नीळ व डिंकाचें पाणी घालावें. (भिजतांना चुना उकळतो, मुलांस दूर ठेवावें.) भिंतीवर पाणी शिंपडून दोन-तीन पातळ हात द्यावेत. हवेंतील कार्बन डायॉक्साइड शोषून हा थर घट्ट होतो, तरी ओलीस बाहेर पडण्यास वाट राहते.

जुन्या दारांचा रंग मात्र कोरडा घासूं नये. घरगुती रंगांतील शिशास दशलक्षांत ९० भागांची मर्यादा २०१७ सालीं अमलांत आली; त्यापूर्वींच्या थरांत शिसें असूं शकतें, आणि त्याची धूळ रांगत्या मुलांच्या पोटांत जाते. लांकूड ओलें करून खरवडावें, खरवड कागदावर झेलावी. मुलें व गरोदर स्त्रिया यांस त्या खोलींत येऊं देऊं नये.

गणपतीपुरती शोभा हवीच असेल तर मखरामागें धुतलेल्या जरीच्या लुगड्याचा पडदा सोडावा. भिंतींचें काम दसऱ्यानंतर, त्यांनीं चांगलें ऊन खाल्ल्यावर काढावें.