दगडाच्या धुळीत काम करता? माहिती कोणाची खरी मानावी?

दगड कापणे, खडी क्रशर, खाणकाम, फरशीला पॉलिश करणे. या कामांतील बारीक धुळीत सिलिका असते. तिच्यामुळे सिलिकोसिस होतो. फुप्फुसाला झालेली ही इजा भरून येत नाही. म्हणून धुळीबद्दलची माहिती चुकीची निघाली, तर तिची किंमत तुम्हालाच मोजावी लागते.

नवीन काय आहे?

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यानुसार कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नियुक्तिपत्र देणे मालकाला बंधनकारक आहे. ४० वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी होईल, असे केंद्र सरकारने जाहीर केले आहे.

मात्र दोन गोष्टी लक्षात घ्या. संहितेतील बहुतेक तरतुदी १० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांसाठी आहेत आणि दगडाचे काम अनेकदा चार-पाच जणांच्या शेडमध्ये चालते. शिवाय, कमी वयात धुळीत उतरलेल्या कामगाराला चाळिशीच्या आधीही हा आजार होऊ शकतो. त्यामुळे तपासणीची वाट पाहत बसू नका.

काय मानू नये?

“गूळ खा, धूळ निघून जाते” असे अनेक ठिकाणी सांगतात. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. गुळाने सिलिकोसिस टळत नाही. तोंडाला बांधलेला रुमालही पुरेसा नाही. सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत आणि ते कापडातून आत जातात. पाणी मारून दगड कापल्यास धूळ बरीच कमी होते.

“आमच्याकडे धूळ मर्यादेत आहे” असे मुकादम म्हणाला, तर मोजणीचा अहवाल मागा. त्यात पाहा:

• मोजणी कोणत्या तारखेला आणि कोणी केली?
• त्या वेळी यंत्र चालू होते का?
• कामगार जिथे श्वास घेतो तिथली हवा मोजली का?

यंत्र बंद असताना केलेली मोजणी तुमच्या उपयोगाची नाही.

खात्रीची माहिती कुठे मिळेल?

अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था या आजारांवर संशोधन करते. खाणींसाठी धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालय आहे. कारखान्यांसाठी राज्याच्या कारखाना निरीक्षण विभागाकडे जा. मास्क विकणाऱ्याचे म्हणणे ऐका, पण निर्णय त्यावर घेऊ नका. माल खपावा, हा त्याचा हेतू असतो.

तुमचा स्वतःचा पुरावा

सिलिकोसिसला अनेकदा क्षयरोग समजले जाते. क्षयरोगाची औषधे घेऊनही दम लागत असेल, तर कोणते काम किती वर्षे केले ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. सिलिकोसिस झालेल्यांना क्षयरोगाचा धोकाही जास्त असतो. म्हणून सुरू असलेली औषधे मनाने बंद करू नका.

एक्स-रे, केसपेपर, नियुक्तिपत्र आणि मजुरीच्या पावत्या जपून ठेवा. राजस्थानच्या २०१९ च्या धोरणानुसार प्रमाणित रुग्णाला ३ लाख रुपये आणि मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. ही रक्कम त्या राज्यापुरतीच आहे. तुमच्या राज्यात काय तरतूद आहे, ते जिल्हा कामगार कार्यालयात विचारा. मदत मागताना आजार सिद्ध करावा लागतो आणि तिथे ऐकीव माहिती नव्हे, ही कागदपत्रेच कामी येतात.