‘डिफेक्ट’ : खोट कोणाची, फूट कोणाची?

इंग्रजीत ‘डिफेक्ट’ असा एक शब्द आहे. नगरच्या नागापूर एमआयडीसीत मशीनवर उभ्या राहणाऱ्या आमच्या पोरांना तो शब्दकोश न उघडताही कळतो. पार्टला चीर गेली, माप चुकले, की तो बाजूला काढला जातो. पण हाच शब्द क्रियापद झाला की त्याचा अर्थ होतो, आपला पक्ष किंवा देश सोडून समोरच्याला जाऊन मिळणे. नाम असेल तर इंग्रज पहिल्या अक्षरावर जोर देतो, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. मूळ मात्र एकच लॅटिन धातू : कमी पडणे, साथ सोडणे. सैन्यातून नुसता पळणारा ‘डेझर्टर’. डिफेक्ट होणारा पलीकडच्या छावणीत जाऊन बसतो.

मराठीला हे नवे नाही. मडके फुटते तसा नगरसेवकही फुटतो!

या शब्दाला मान मिळेल की शिवी, हे मात्र कोण गेला यावर ठरते. मार्च 1967 मध्ये स्टॅलिनची मुलगी स्वेतलाना दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीत शिरली. अमेरिकेने तिचे स्वागत केले, तिच्या पुस्तकाची जगभर चर्चा झाली. त्याच वर्षी हरियाणाचे दलित आमदार गयालाल यांनी पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ ही म्हण कायमची देशाच्या तोंडी बसली. आमच्या जिल्ह्यातले राधाकृष्ण विखे पाटील काँग्रेसमधून शिवसेनेत गेले, मंत्री झाले, पुन्हा काँग्रेसमध्ये आले. पुढे विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. ते पद सोडून जून 2019 मध्ये भाजप सरकारात मंत्री झाले. त्यांच्या नावाची म्हण झाली नाही. प्रस्थापित गेला की वर्तमानपत्रे त्याला ‘राजकीय भूकंप’ म्हणतात!

डिसेंबर 2018 ची अहमदनगर महापालिका (आताची अहिल्यानगर) वाचकांना आठवत असेल. 68 जागांत शिवसेनेला 24, राष्ट्रवादीला 18, भाजपला 14. तरीही महापौर भाजपचा झाला, कारण राष्ट्रवादीच्या अठराही नगरसेवकांनी त्याला मते दिली. पक्षाने पुढे त्यांची हकालपट्टी केली. धर्मनिरपेक्षतेच्या नावाने मते मागणाऱ्यांचे हे वर्तन पाहून आम्हांस फारसे नवल वाटले नाही. नवल आणि वेदना दुसऱ्याच गोष्टीची. त्या मतदानात बहुजन समाज पक्षाचे 4 नगरसेवकही भाजपच्या बाजूने गेले. हत्तीवर शिक्का मारणाऱ्या माणसाला त्याआधी कोणी विचारले होते काय?

आता शिर्डी लोकसभा मतदारसंघ घ्या. 2009 पासून हा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पहिल्याच निवडणुकीत रामदास आठवले यांना शिवसेनेच्या भाऊसाहेब वाकचौरे यांनी हरवले. 2014 ला वाकचौरे काँग्रेसचे उमेदवार झाले आणि पडले. त्याच वर्षी श्रीरामपूर विधानसभेला भाजपकडून उभे राहिले, 2019 ला अपक्ष, आणि 2024 ला ठाकरेंच्या शिवसेनेकडून पुन्हा खासदार. मधली दहा वर्षे खासदार असलेले सदाशिव लोखंडे आधी कर्जतचे भाजप आमदार, मग शिवसेनेत, 2022 ला शिंदेंसोबत. राखीव श्रीरामपूरचेही तेच. कवी म्हणून ओळखले जाणारे लहू कानडे 2019 ला काँग्रेसचे आमदार झाले, 2024 ला अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून लढले आणि पडले.

या माणसांना नावे ठेवून विषय संपत नाही. शिर्डीत तिकीट कोण देतो, निवडून कोण आणतो? प्रवरा, संगमनेर, कोपरगाव, नेवासा, जिकडे पाहावे तिकडे साखर कारखान्याचे धुराडे आणि त्याखाली एकेक घराणे. राखीव जागेवरच्या उमेदवाराची निष्ठा या घराण्यांच्या सोयीने वाहते. घराणे फिरले की त्यालाही फिरावे लागते. पुणे करारानंतर बाबासाहेबांनी हीच तक्रार जन्मभर मांडली : संयुक्त मतदारसंघात प्रतिनिधी अस्पृश्यांचा असेल, पण निवड दुसऱ्यांची असेल. तेव्हा खोट त्या पार्टमध्ये आहे की साच्यात, हे एमआयडीसीतला आमचा पोरगाही सांगेल.

कायदा काय करतो? 1985 साली 52 व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. एक तृतीयांश फुटले तर ती ‘फूट’ म्हणून माफ होती. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद झाली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची उरली. जानेवारी 2024 मध्ये विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरवला नाही. असो. पण हा कायदा नीट चालला तरी तो पाहतो एवढेच, की सदस्याने पक्षाचा व्हिप मोडला काय, पक्ष सोडला काय. मतदाराला सोडले काय, हे तो पाहत नाही. निवडणुकीच्या तोंडावर मुदत संपत आलेली असताना कोणी उडी मारली, तर त्याच्या हाती काहीच उरत नाही.

सोडून जाणे मुळातच पाप आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आमची सगळी ओळखच एका सोडून जाण्यातून आली आहे. आमच्या कोपरगावला लागून असलेल्या येवल्यात बाबासाहेबांनी 13 ऑक्टोबर 1935 ला हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी अभ्यास केला, परिषदा घेतल्या, टीकाकारांना उत्तरे दिली, आणि गेले ते लाखोंना बरोबर घेऊन. इकडे आमचे पुढारी रात्री एका पक्षात झोपतात, सकाळी दुसऱ्यात उठतात आणि कार्यकर्त्याला ते टीव्हीवरून कळते.

याच मापाने आपलीही माणसे मोजावी लागतील. 2009 ला शिर्डीत काँग्रेस आघाडीकडून पडलेले आठवले 2011 ला शिवसेना-भाजपसोबत गेले, तेव्हा आपण त्यांना काय काय म्हटले ते आठवा. आणि दादासाहेब रूपवते यांच्या नात उत्कर्षा रूपवते 2024 ला काँग्रेस सोडून वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवार म्हणून शिर्डीत उभ्या राहिल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या योग्य असतील. त्यांची कारणे आम्हांला पटलीही. पण आपल्याकडे आला तर स्वाभिमानी आणि आपल्याकडून गेला तर गद्दार, हे माप नव्हे.

म्हणून पुढच्या वेळी मत मागायला बुद्धविहारात कोणी आला, मग तो निळ्या झेंड्याचा असो की दुसऱ्या, तर रस्ता आणि समाजमंदिर यांच्या आधी त्याला एवढेच विचारा : पक्ष सोडायची वेळ आली, तर आधी या वस्तीत येऊन, याच सतरंजीवर बसून कारण सांगशील काय? उत्तर वहीत लिहून घ्या, खाली त्याची सही घ्या.