रसभरी फळ म्हणून विका, औषध म्हणून नको



संत तुकाराम नगरच्या थेट विक्रीत काही सभासद रसभरी आणि बांधावरची चिरबोटी (फोपटी, ढोलफोडी) आणणार आहेत. चांगली गोष्ट आहे. पण डब्यावर ‘शुगर, लिव्हरवर रामबाण’ असं लेबल लावू, अशी सूचना ग्रुपवर आली. तिला माझा स्पष्ट विरोध आहे.

आधी आकडे बघा. १०० ग्रॅम रसभरीत क जीवनसत्त्व साधारण ११ मिलिग्रॅम असतं. टोमॅटोत १४ च्या आसपास, पेरूत २०० च्या वर. म्हणजे ‘क’च्या नावावर विकायला गेलो तर पेरूवाला आपल्याला सहज हरवेल. रसभरीचं बळ दुसरीकडे आहे. नायसिन (ब-३) सुमारे २.८ मिलिग्रॅम, म्हणजे टोमॅटोच्या चौपटीहून जास्त. प्रथिनं जवळपास २ ग्रॅम, फळाच्या मानानं बरीच. शिवाय कॅरोटीन. एवढं खरं सांगितलं तरी पुरे. चिरबोटी ही रसभरीची रानटी बहीण, पण झाड वेगळं. तिला हेच आकडे चिकटवू नका.

या भागात वायसीएम आणि डी. वाय. पाटील ही मोठी रुग्णालयं आहेत. गिऱ्हाइकांत पेशंटचे नातेवाईक असणारच. लेबल वाचून एकानं जरी शुगरची गोळी बंद केली, तर त्याचं काय? कायदाही कडक आहे. अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ५३ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होतो. लेबलसुद्धा जाहिरातीतच धरतात.

तोडणी व विक्री करताना:
१) वरचं कागदी कवच वाळलेलं आणि फळ पूर्ण पिवळं झालेलं असेल तरच तोडा. हिरवं फळ अपायकारक असतं.
२) तणनाशक मारलेल्या बांधावरची चिरबोटी आणू नका.
३) कामुनी विक्रीला नको. पिकलेली काळी फळं खातात, पण त्याच घोसात हिरवी विषारी फळं असतात.
४) धोत्रा आणि भुईरिंगणी याच कुळातली आहेत. मुलांना फरक दाखवून ठेवा.
५) फळ कवचासह विका, जास्त टिकतं. कवच खायचं नाही हे गिऱ्हाइकाला सांगा.

लेबलवर फळाचं नाव, गाव आणि तोडणीची तारीख टाका. दोन फळं चाखायला द्या. गिऱ्हाईक परत येतं ते चवीमुळे आणि विश्वासामुळे.

ओळखण्यात शंका असेल तर पान, फूल, फळ दिसेल असा फोटो ग्रुपवर टाका, मगच तोडा.

– आपला कृषी सल्लागार